पेण-रोहा, व्हाया तेवीस

पेणचा पिनकोड ४०२१०७ आणि रोह्याचा ४०२१०९. दोन्ही विषम, आणि दोहोंत अंतर फक्त दोनाचं. आकड्यांची खोड जडलेल्या माणसाला एवढं निमित्त पुरतं. यातल्या कोणाला कशाने भाग जातो? आणि दोघांनाही कशानेच जात नसेल तर?

तर मोठी बहार येईल. जिला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही निःशेष भाग जात नाही ती मूळ संख्या, हे शाळेत सगळेच शिकतात. ज्या दोन मूळ संख्यांत दोनाचंच अंतर असतं त्या जोडमूळ: ११ आणि १३, १७ आणि १९, ७१ आणि ७३. शंभराच्या आत अशा आठ जोड्या आहेत. पुढे त्या विरळ होत जातात. दहा लाखांच्या आत ७८,४९८ मूळ संख्या आहेत, पण जोडमूळ जोड्या ८,१६९ च. रायगड जिल्ह्यातली दोन तालुक्याची गावं अशा एखाद्या जोडीत बसली असती तर ती गोष्ट दोन्हीकडच्या गणिताच्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं सांगितली असती.

आधी पेण. २, ३ आणि ५ नजरेनेच बाद होतात: शेवटचा अंक ७, अंकांची बेरीज १४. त्यापुढे मात्र भागाकार करायला बसावंच लागतं. कुठवर? ६३४ चा वर्ग ४,०१,९५६ होतो, म्हणजे ४०२१०७ चं वर्गमूळ ६३४ च्या किंचित पुढे आहे. एखाद्या संख्येचे दोन अवयव असतील तर दोघंही वर्गमूळाहून मोठे असू शकत नाहीत. तसे असले तर गुणाकार संख्येच्या पलीकडे जाईल. तेव्हा ६३४ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की काम झालं. २ पासून ६३१ पर्यंत त्या ११५ आहेत. मोबाइल न वापरता बसलात तर निवांत दुपारचं काम.

आणि या कामात करमणूक आहे, हे करून पाहिल्याशिवाय पटायचं नाही. ७ ने भागलं तर बाकी ६. ११ ने २. १७ ने पुन्हा ६. १०७ पाशी येता येता श्वास अडकतो: १०७ गुणिले ३,७५८ म्हणजे ४,०२,१०६. एकाने हुकलं. पुढे ५०९ पाशी तसंच, ५०९ गुणिले ७९० म्हणजे ४,०२,११०, या खेपेला तीनने पलीकडे. शेवटी ६३१: ६३७ पट केली की ४,०१,९४७, बाकी १६०. यादी संपली. कोणीही आत शिरू शकलं नाही. पेणचा पिनकोड मूळ संख्या आहे.

आता रोहा. ७ ने भागून बाकी १, ११ ने ४, १३ ने ६, १७ ने ८, १९ ने १२. इथवर सगळं ठीक. मग येतो २३. तेवीस गुणिले १७,४८३ बरोबर ४,०२,१०९. बाकी शून्य. पेण आणि रोहा यांची जोडमूळ जोडी जमता जमता तेविसाने मोडली.

या १७,४८३ ला मात्र कशानेच भाग जात नाही, ती मूळ आहे. आणि तिच्या अंकांची बेरीज करून पाहा: १, ७, ४, ८, ३. तेवीस! याला खोल अर्थ वगैरे काही नाही, निव्वळ योगायोग आहे. पण मोडल्या सोयरिकीत मोडता घालणाऱ्याने स्वतःची सही ठेवून जावी, तसा.

पिनकोड देताना टपाल खात्याच्या मनात यातलं काहीच नव्हतं, हे सांगायला नको. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी, आणि तेवढेच नावाजलेले संस्कृत कवी व नाटककार. एका नावाची दहा गावं, डझनभर लिप्या आणि त्यात माणसांची अक्षरं, यातून पत्र बिनचूक पोचवायचं तर आकड्याला पर्याय नव्हता. पहिला अंक विभागाचा; ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा कळतो, आणि शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नावही कुलाबा होतं. नाव बदलून रायगड झालं, आकडा तोच राहिला. नागोठणे ४०२१०६, पेण १०७, पोयनाड १०८, रोहा १०९ अशी ओळ लागते; दिव्याहून सुटणारी मेमू पेण, कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला पोचते, पण टपालाच्या क्रमाला रेल्वेच्या क्रमाशी कर्तव्य नाही. पेणच्या कुंभार आळीतून किंवा हमरापूर-जोह्यातून गणपतीची खोकी मुंबईला, परराज्यांत, पार परदेशात जातात, तेव्हा पाठवणाऱ्याच्या पत्त्यात हीच मूळ संख्या लिहिलेली असते. कोणी वाचत नाही, ते सोडा.

चार लाखांच्या आसपास दर तेरा संख्यांमागे साधारण एक मूळ असते. देशात सुमारे १९ हजार पिनकोड आहेत. ढोबळ हिशेबाने त्यातले दीड हजाराच्या घरात मूळ निघावेत. म्हणजे पेणला मिळालेला मान दुर्मीळ आहे, पण एकमेव नाही.

खरी दुर्मीळ गोष्ट पेणपासून चोवीस पावलांवर आहे. ४०२१०७ मध्ये २४ मिळवा: ४०२१३१. मूळ. आणखी दोन: ४०२१३३. मूळ. ४०२१३७ मूळ, ४०२१३९ मूळ. दोन जोडमूळ जोड्या एकमेकींना खेटून उभ्या. यापेक्षा दाट चौकडी पाचाच्या पुढे गणितात शक्यच नाही, कारण मधल्या ४०२१३५ ला पाचाने भाग जाणारच आणि तिनाचा पाढाही आपला वाटा घेणारच. ११, १३, १७, १९ ही याच घराण्यातली. दहा लाखांच्या आत अशा चौकड्या आहेत फक्त १६६. चांडाळ नसलेली चौकडी इतकी कमी सापडते, याचं कोणाला नवल वाटू नये.

आकड्यांची ही खोड महाराष्ट्रात ज्यांनी आयुष्यभर जोपासली, त्यांचं नाव इथे टाळून चालणार नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शिक्षण ठाण्याला आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ मध्ये रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. विद्यापीठाची मोठी पदवी नाही, संशोधनाचं पद नाही, आणि अंकांचा खेळ म्हणून त्यांच्या कामाकडे नाक मुरडणारे पुष्कळ. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला देवळाली कळली. आपल्याकडे माणूस मोठा आहे हे पटायला टपाल परदेशातूनच यावं लागतं, ही जुनी रीत.

कापरेकरांनी एक साधी क्रिया घेतली: संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. ९१ मध्ये ९ आणि १ मिळवा, १०१. शंभरात १ मिळवा, तेही १०१. म्हणजे १०१ ला दोन जनक. अशा संख्यांना त्यांनी नाव दिलं जंक्शन. ज्यांना एकही जनक नाही, उदाहरणार्थ २०, त्या स्वयंभू; त्यांनाच कापरेकर देवळाली संख्या म्हणत. आता पेण पाहू. ४०२१०० च्या अंकांची बेरीज ७, मिळवली की ४०२१०७. आणि ४०२०९१ ची बेरीज १६, तीही मिळवली की ४०२१०७. पेण जंक्शन! रोह्याला ४०२१०१ आणि ८, किंवा ४०२०९२ आणि १७. रोहाही जंक्शन. मधल्या पोयनाडला एकच जनक, ४०२०८७. नागोठण्यालाही एकच, ४०२०८६. रेल्वेच्या नकाशावर पेणहून थळच्या खत कारखान्याकडे मालगाड्यांचा फाटा फुटतो आणि रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. कापरेकरांना हे पिनकोड कोणी दाखवले असते तर ते पोस्टकार्डावरच हिशेब मांडून बसले असते, अशी माझी खात्री आहे.

त्यांची जगप्रसिद्ध क्रिया दुसरी. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. त्यांचं जन्मसाल घेऊ. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. पुढे ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४, तिथेच मुक्काम. कोणतीही संख्या घेतलीत तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतंच. १९०५ ला पूर्ण सात लागल्या. कापरेकरांनी जन्मायलाही लांबचा रस्ता निवडला.

सहा अंकी संख्यांत मात्र असा एकच मुक्काम नाही. तिथे दोन थांबे आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि सात संख्यांचं एक चक्र आहे ज्यात शिरलेली संख्या कायम फिरत राहते. पेणला सोडून पाहू. ७४२१०० वजा ००१२४७ म्हणजे ७४०८५३. पुढे ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि सहाव्या वजाबाकीला ४२०८७६. आता रोहा. ९४२१०० वजा ००१२४९ म्हणजे ९४०८५१. पुढे ९७०८२१, ९७४४२१, ८४९९४२, ७५३५४३, आणि सहाव्या वजाबाकीला... ४२०८७६. पाच वजाबाक्यांत दोघांची एकदाही गाठ पडत नाही, आणि सहाव्याला दोघं एकाच संख्येवर. तिथून पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२ करत दोघं मिळून त्या चक्रात अखंड फिरत राहणार. हे मी आधी ठरवून लिहिलेलं नाही. वाचकाने कागद घेऊन पडताळावं.

इथवरचे आकडे सहा अंकी होते. चार लाख ही काही मोठी संख्या नाही, पेणच्या बाजारात गणपतीच्या सीझनला त्याहून मोठे व्यवहार होतात. पण मूळ संख्या लहान असली तरी तिच्या पोटात एक अफाट संख्या दडलेली असते, आणि डोकं गरगरतं ते तिथे.

फ्रान्समधल्या पिएर द फर्मा या कायदेपंडिताने १६४० मध्ये एका पत्रात एक नियम लिहिला. दोन सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या, तिच्यातून एक वजा करा, उरतील तितके दोन एकमेकांशी गुणत न्या, आणि आलेल्या संख्येतून एक काढा. उरलेल्याला त्या मूळ संख्येने निःशेष भाग जाईल. सातासाठी: २ चा सहावा घात ६४, एक काढला की ६३, सात नवे त्रेसष्ट. तेरासाठी: २ चा बारावा घात ४०९६, एक काढला की ४०९५, तेरा गुणिले ३१५. मग पेणसाठी? २ चा ४,०२,१०६ वा घात.

ही संख्या किती मोठी, याचा अदमास घेऊ. दहा दुपटींत आपण हजाराच्या पुढे जातो, वीस दुपटींत दहा लाखांच्या. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. सत्तावन्नाव्या दुपटीला आपण परार्ध ओलांडतो आणि आपल्याकडची नावं संपतात. दिसणाऱ्या विश्वात अणू किती, याचा नेहमी सांगितला जाणारा अंदाज एकावर ऐंशी शून्यं असा आहे. दोनशे सहासष्टाव्या दुपटीला तोही मागे पडतो. आणि आपल्याला जायचंय चार लाख दोन हजार एकशे सहाव्या दुपटीपर्यंत. तिथे जी संख्या येते तिच्यात १,२१,०४६ अंक असतात. ऐंशी नव्हे, एक लाख एकवीस हजार शेहेचाळीस. सेकंदाला एक अंक या वेगाने, न जेवता न झोपता ती लिहायला ३३ तास ३७ मिनिटं लागतील. आणि फर्मा सांगतो की तिच्यातून एक काढलात तर ४०२१०७ ने बरोबर भाग जाईल, एकाचीही बाकी न राहता.

हे खरं की खोटं, कसं ठरवायचं? एवढी संख्या लिहून मग भागाकार करायचा म्हटलं तर आयुष्याची ती दुपार परत मिळायची नाही. सुदैवाने संख्या लिहावीच लागत नाही. आता दहा वाजले असतील तर शंभर तासांनी किती वाजतील, हे सांगायला कोणी शंभर तास मोजत बसत नाही. बाराने भागून बाकी ४ काढतो आणि दोन म्हणून मोकळा होतो. तसंच इथे. आपल्याला फक्त ४०२१०७ ने भागल्यावरची बाकी हवी आहे, मग प्रत्येक टप्प्याला बाकीच तेवढी जवळ ठेवायची आणि बाकीचं टाकून द्यायचं. शिवाय एकेक दुप्पट करत जायचीही गरज नाही. वर्ग केला की घात एकदम दुप्पट होतो.

प्रत्यक्ष पाहा. २ चा २४ वा घात १,६७,७७,२१६. त्यातून ४०२१०७ च्या ४१ पटी, म्हणजे १,६४,८६,३८७ वजा केले की बाकी २,९०,८२९. या बाकीचा वर्ग करायचा, पुन्हा ४०२१०७ ने भागायचं, उरेल ते ठेवायचं. अधूनमधून एक जास्तीची दुप्पट करावी लागते. ९८ व्या घाताला बाकी येते ४९,६७२. ३९२ व्याला १,५४,०७३. १२,५६५ व्याला ३५,५२४. अशा उड्या मारत २,०१,०५२ व्या घाताला बाकी येते २,०१,०५३. एक दुप्पट केली की २,०१,०५३ वा घात आणि बाकी ४,०२,१०६. इथे थांबून ती बाकी नीट बघावी. पेणला एक कमी. भागाकाराच्या हिशेबात एक कमी म्हणजे उणे एक, आणि उणे एकाचा वर्ग एक. म्हणजे ४,०२,१०६ व्या घाताला बाकी १, आणि तो एक काढला की शून्य.

सगळे मिळून अठरा वर्ग. हातातली संख्या कधीही बारा अंकांपुढे गेली नाही. एक लाख एकवीस हजार अंकांच्या राक्षसाबद्दल एक पक्कं विधान केलं, आणि त्याचं तोंडही पाहावं लागलं नाही. मोठ्या संख्यांच्या गोष्टी सांगताना लोक ती किती मोठी यावरच थांबतात; मला त्यात फार राम वाटत नाही. शून्यं कोणीही वाढवू शकतं. एवढ्या मोठ्या संख्येला न लिहिता ओळखता येतं, हे खरं अचाट.

रोहा या परीक्षेत नापास होतं. २ चा अकरावा घात २०४८, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. तेव्हा तेविसाच्या हिशेबात अकरा दुपटींनंतर आपण पुन्हा एकावर येतो. ४,०२,१०८ ला ११ ने भागलं तर ३ उरतात, म्हणून बाकी २ चा घन, ८. हवी होती १. म्हणजे २३ चं नावही ठाऊक नसतं, तरी रोहा मूळ नाही एवढं फर्माच्या परीक्षेने सांगितलंच असतं.

उलट बाजूने मात्र ही परीक्षा शंभर टक्के भरवशाची नाही. ३४१ ही संख्या ११ गुणिले ३१ आहे, तरी दोनाच्या परीक्षेत सहीसलामत पास होते. असे तोतये थोडे आहेत, पण आहेत. तोतयांना थारा न देणारी आणि तरीही झटपट आटोपणारी परीक्षा असू शकते का, हा प्रश्न फार जुना. त्याचं उत्तर ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतून आलं: मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. तिघांची आद्याक्षरं जोडून ती रीत जगभर एकेएस म्हणून ओळखली जाते.

पेणच्या पोटात आणखी एक अजस्र संख्या आहे, तिच्यावर फार रेंगाळत नाही. १ पासून ४,०२,१०६ पर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करायचा आणि त्यात एक मिळवायचा. विल्सनच्या प्रमेयाप्रमाणे त्यालाही ४०२१०७ ने निःशेष भाग जातो. या गुणाकारात २० लाख ७८ हजार ९१० अंक आहेत, आणि त्यातले शेवटचे १,००,५२३ नुसते शून्य. गंमत अशी की मूळ आहे की नाही हे आधी ठाऊक नसलेल्या संख्येसाठी हा गुणाकार करून पाहायचा म्हटला, तर वर्गांसारखी पटापट चढून जायची शिडी आजवर कोणाला सापडलेली नाही. दोन्ही प्रमेयं तितकीच खरी, पण एक कामाचं आणि दुसरं शोभेचं.

कामाचं म्हणजे खरोखर कामाचं. इंटरनेटवरच्या सुरक्षित व्यवहारांची एक मोठी पद्धत तीनशेहून जास्त अंकांच्या दोन मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी आहे. अशी संख्या मूळ आहे का हे पेणसारखं एकेक भागाकार करून ठरवायचं, तर ११५ नव्हे, एकावर दीडशे शून्यं इतक्या भागाकारांची तयारी ठेवावी लागेल. वर्गांच्या शिडीने तेच काम संगणक चुटकीसरशी करतो. उलट, दोन मूळ संख्यांचा गुणाकार हातात देऊन अवयव विचारले, तर तेवीस शोधून काढण्याची आपली रीत काय किंवा त्याहून हुशार रीती काय, सगळ्या हात टेकतात. तुमच्या पैशांची राखण या हात टेकण्यावर चालते.

आणि मोडलेल्या सोयरिकीचं काय? मूळ संख्या कधी संपत नाहीत हे युक्लिडने तेवीसशे वर्षांपूर्वी सिद्ध केलं. जोडमूळ जोड्या कधी संपतात की नाही, हे आजही कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. २०१३ मध्ये यितांग झांग या अमेरिकेतल्या, तोवर फारसं नाव नसलेल्या प्राध्यापकाने दाखवलं की सात कोटींच्या आत अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. वर्षभरात इतरांनी ते अंतर २४६ वर आणलं. तिथून २ पर्यंतचा रस्ता अजून बंद आहे. दरम्यान संगणक मोठमोठ्या जोड्या शोधतच आहेत. २०१६ मध्ये सापडलेल्या एका जोडीतल्या प्रत्येक संख्येत ३,८८,३४२ अंक आहेत. एकट्या मूळ संख्यांत तर २०२४ मध्ये सापडलेली एक ४,१०,२४,३२० अंकांची आहे: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा एक. सेकंदाला एक अंक लिहिलात तर पावणेपाचशे दिवस लागतील.

तुमचा पिनकोड मूळ आहे का, हे बघायला एवढ्या कशाचीच गरज नाही. शेवटचा अंक सम किंवा पाच असेल तर तिथेच सोडून द्या. अंकांच्या बेरजेला तिनाने भाग गेला तरी सोडून द्या. राहिलात, तर ७ पासून सुरू करा आणि वर्गमूळापर्यंत जा. रोह्यासारखा २३ लवकर भेटला तर काम तिथेच संपेल, नाहीतर पेणसारखं शेवटपर्यंत जावं लागेल. हजाराच्या आत १६८ मूळ संख्या आहेत. भारतातल्या कोणत्याही पिनकोडला त्या पुरून उरतात.